फर्श, फरशी आणि पायघडी

मागच्या वर्षी नवरात्र संपता संपता सुरतेहून धाकट्या भावाचा फोन आला. "भाईजान, पट्टी निघत नाहीये. निघतेय तिथे जमीनही तिच्याबरोबर येतेय."

पट्टी म्हणजे गालिच्याची लांब अरुंद पट्टी. दुकानदार तिला 'रनर' म्हणतात. भावाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची जमीन आहे. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत बारा फुटांचा बोळ. अम्मी गेल्यानंतर अब्बा पावसाळ्याचे महिने त्याच्याकडे काढतात. रात्री तीन-साडेतीनला ते वुजूसाठी उठतात आणि ओल्या पायांनी त्याच बोळातून परत येतात. जुलैत एका रात्री ते घसरले. मनगटावर निभावलं, पण सहा आठवडे प्लास्टर होतं. दुसऱ्याच दिवशी भावाने पट्टी आणली. ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चारही कडांना लावली आणि वरून पाय देऊन घट्ट दाबली.

तीन महिन्यांनी ती उचलायला घेतली तेव्हा खाली तीन फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या. फुगलेल्या जागी लाकडाचं चित्र असलेला वरचा थर टेपबरोबर सोलून निघाला. घरमालक डिपॉझिटमधून किती कापणार याची चिंता होतीच. त्याहून वाईट म्हणजे अब्बांनी पिशवी भरली. "मेरे पैरों की वजह से इसका नुकसान हुआ" म्हणाले आणि पुढच्या गाडीने नंदुरबारला आले. चार दिवस त्यांनी याशिवाय दुसरा विषय काढला नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. घरात काही बिघडलं की माझा हात हत्यारांआधी शब्दकोशाकडे जातो. बायको त्यावरून हसते. पण या वेळी शब्दांनीच मला वाट दाखवली, म्हणून हे लिहितोय.

'फर्श' हा अरबी शब्द. मूळ अर्थ अंथरणं, आणि जे अंथरलं ते. फारसीतून तो उर्दूत आला. मराठीत आला तेव्हा त्याची 'फरशी' झाली आणि ती दगडाला जाऊन चिकटली. शहाबादी फरशी म्हणताना आपल्या मनात अंथरणं येत नाही. तरी शेणाने सारवलेल्या मातीवर बसवलेला तो दगडसुद्धा एका अर्थी कायमचं अंथरूणच आहे. याच मुळातून 'फर्राश' झाला, म्हणजे बिछायत घालणारा नोकर. मराठीत तो 'फरास'. पुण्यात बुधवार पेठेजवळ ज्या फरासखान्याच्या नावाने आज पोलीस ठाणं ओळखलं जातं, तो पेशवाईत तंबू, जाजमं आणि बिछायती ठेवण्याचा कोठा होता. फरास हे आडनाव महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत आजही आढळतं.

अकबराच्या दरबाराचा अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त फर्राशखान्याला वेगळं प्रकरण देतो. आग्रा, फतेहपूर आणि लाहोरला विणकर वसवले आणि तिथे उत्तम गालिचे होऊ लागले, असं तो लिहितो. शाही कारखान्यात विणलेल्या, सुमारे वीस गज लांब आणि साडेसहा गज रुंद अशा एका गिलीमला 1810 रुपये खर्च आला आणि जाणकारांनी तिची किंमत 2715 रुपये ठरवली, हा हिशेबही तो देतो. पुढे काबूल-इराणहून येणाऱ्या आणि इथेही बनणाऱ्या नमद्यांचा उल्लेख येतो. नमदा म्हणजे लोकर न विणता दाबून केलेलं जाड कापड. शेवटी जाजम, शतरंजी, बलुची आणि रेशमासारख्या चटया यांचं वर्णन करत बसलो तर फार वेळ जाईल, असं म्हणून तो प्रकरण आटोपतं घेतो. त्याने ज्यांचं वर्णन टाळलं, नेमक्या त्याच वस्तू आपल्या घरांत आल्या. जाजम आणि सतरंजी. त्याच ग्रंथात आमचं नंदुरबार माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे.

नंदुरबारचा उल्लेख याहून अडीचशे वर्षं आधी एका प्रवाशाने केला आहे, आणि योगायोग असा की पायाखालच्या कापडाची हकिकतही तोच सांगतो. इब्न बतूता 1342 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून चीनला जायला दिल्लीहून निघाला. दौलताबादहून खंबायतकडे जाताना तो नंदुरबारला थांबला. मराठ्यांचं लहानसं शहर, कारागीर हुशार, वैद्य आणि ज्योतिषी चांगले, लोकांचं जेवण भात, भाज्या आणि तिळाचं तेल, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्याच सफरनाम्यात सुलतान मोहिमेवरून दिल्लीत परतण्याचं वर्णन आहे. रस्त्यात लाकडी मंडप उभारले जात, मधल्या वाटेवर रेशमी कापडं अंथरली जात आणि सुलतानाचा घोडा त्यांच्यावरून चालत जाई.

पुढे मोगल काळात या रिवाजाला 'पाअंदाज' म्हणत. बादशहा एखाद्या अमिराच्या घरी आला की अमिराने त्याच्या पायांखाली कापड घालायचं. जहांगीर आपल्या आठवणींत मेहुणा आसफ खान याच्या घरी गेल्याचं लिहितो. वाट कोसभराची. त्यातल्या अर्ध्या वाटेवर आसफ खानाने जरीचा आणि साधा मखमल घातला होता आणि त्याची किंमत दहा हजार रुपये असल्याचं बादशहाला सांगण्यात आलं. आज उर्दूत 'पायंदाज' कशाला म्हणतात? दाराशी टाकलेल्या पायपुसण्याला. शब्दाचे असे दिवस फिरतात.

मराठीत पाअंदाजला फार सुंदर शब्द आहे, पायघडी. एरवी आपण तो 'पायघड्या घालणे' एवढ्याच वाक्प्रचारात, तोही बहुतेकदा टोमणा म्हणून वापरतो. पण पायघडी ही खरी वस्तू आहे. गावाकडच्या लग्नांत नवरदेवाच्या पायांखाली पायघड्या घालण्याचा मान परटाचा असे, आणि त्याचं ठरलेलं देणंही असे. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीजवळच्या काटेवाडीत पोहोचते तेव्हा परीट समाजातले लोक आजही धोतराच्या पायघड्या घालून तिचं स्वागत करतात. कापड मोजकंच आणि वाट लांब असली की काय करायचं, हे पायघड्या घालणाऱ्याला सांगावं लागत नाही. मागची पायघडी उचलायची, झटकायची आणि पुढे घालायची. चार-सहा धोतरांत सगळी वाट होते.

मी इथे थांबलो. 'पायघडी' या शब्दातच 'घडी' आहे. अंथरायची ती वस्तू, पण नाव मिळालं घडी घालण्यावरून.

पायांखालचं कापड म्हटलं की इतिहासात लक्ष जातं ते चालणाऱ्याकडे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाटकात युद्ध जिंकून आलेल्या ॲगामेम्नॉन राजापुढे त्याची राणी जांभळी मौल्यवान कापडं अंथरते. राजा बिचकतो. देवांचा मान माणसाने घेऊ नये ही भीती असते, आणि एवढं महाग कापड तुडवून नासवायचं याचीही लाज असते. शेवटी तो पायताण काढून त्यावरून जातो आणि आत मारला जातो. एस्किलसचं हे नाटक इसवी सनपूर्व 458 मधलं. त्यात राजा कळतो, राणी कळते. ती कापडं नंतर कोणी गोळा केली ते कळत नाही.

विणणाऱ्यांचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातले कितीतरी नामांकित गालिचे तुरुंगांत विणले गेले. पुण्याच्या येरवडा तुरुंगातले गालिचे प्रसिद्ध होते. विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नमुन्यांवरून तिथले कैदी नवे गालिचे विणत. आग्र्याच्या तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला प्रचंड गालिचा 1894 मध्ये विंडसरच्या किल्ल्यात पोहोचला. त्याचं वजन सुमारे दोन टन. 1992 मध्ये त्या किल्ल्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला 50 सैनिक लागले असं सांगतात. गालिचा अंथरून शंभर वर्षं होत आली होती. उचलायची वेळ आली तेव्हा कळलं की उचलणं हेही मोठं काम आहे.

आपल्याकडे हे काम लहानपणी सगळ्यांनी केलेलं असतं. रमजानच्या आधीच्या रविवारी मोहल्ल्यातली आम्ही पोरं मशिदीतल्या सफा बाहेर काढायचो. 'सफ' म्हणजे नमाजींची रांग, आणि त्या रांगेखालची लांब पट्टीही सफच. दोघांनी टोकं धरायची, तिसऱ्याने काठीने झोडायची. धूळ इतकी उडायची की एकमेकांचे चेहरे दिसत नसत. मग खालची शहाबादी धुवायची, ती कोरडी होईपर्यंत सफा गच्चीवर उन्हात, आणि असरच्या आधी पुन्हा अंथरायच्या. हदीसच्या वर्गात पुढे हजरत अनस यांच्या आजीच्या घरची हकिकत वाचली. वापरून वापरून काळी पडलेली चटई त्यांनी पाणी शिंपडून साफ केली आणि पैगंबरांनी तिच्यावर नमाज पढली. वाचताना मला आमची गच्ची आठवली. आमच्याकडे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानांना 'पथारी' म्हणतात. नंदुरबारच्या पथारीवर मिरची पसरतात, उलटवतात आणि वेळेवर गोळाही करतात. ढग दिसले की गोळा करायची घाई बघण्यासारखी असते. पसरलेलं तसंच ठेवलं तर पीक गेलं, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं.

मग भावाने नेमकं काय केलं? अंथरलं आणि चिकटवलं. त्याचा दोष कमी आहे. त्याच्या पायांखालची जमीन कसली आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

शहाबादीवर सतरंजी तीन महिने पडून राहिली तरी दगडाचं काही बिघडत नाही. मोझॅक टाइल्सचंही तेच. मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी 1922 मध्ये स्वदेशीच्या भरात सुरू झाली आणि तिच्यासारख्या कारखान्यांतल्या सिमेंटच्या टाइल्स आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी तुडवल्या. लॅमिनेट हा वेगळा प्रकार आहे. त्याचं मूळ आपल्या ओळखीच्या सनमायकात आहे. 1912 च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या कामासाठी अभ्रकाऐवजी, म्हणजे मायकाऐवजी, राळेत भिजवलेले थर दाबून पत्रा तयार करण्यात आला. 'मायकासाठी' या अर्थी त्याचं नाव पडलं फॉर्मायका. पुढे तो टेबलांवर आणि कपाटांवर चढला. 1977 मध्ये स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने हीच कल्पना जमिनीवर आणली. फळ्या एकमेकींत खटकन अडकवायची, गोंद न लागणारी पद्धत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि मग हा माल जगभर पसरला.

साधारण आठ मिलिमीटर जाडीच्या त्या फळीत चार थर असतात. सर्वांत वर पारदर्शक, कठीण राळेचा पातळ थर. त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद. मधे लाकडाचा भुसा दाबून केलेली घट्ट फळी आणि तळाशी पुन्हा कागद. वरचा थर खुर्चीचे ओरखडे बऱ्यापैकी सोसतो. पण दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत गेलं की मधला भुसा फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. शिवाय ही जमीन खाली चिकटवलेली नसते. पातळ फोमवर ती नुसती टेकलेली असते. हवेतल्या ओलीने ती थोडी पसरते आणि आक्रसते, म्हणून भिंतीशी आठ-दहा मिलिमीटरची फट सोडून ती पट्टीने झाकलेली असते. म्हणजे ही सगळी जमीनच एक अंथरूण आहे. 'फर्श'चा मूळ अर्थ पाचशे वर्षांचा फेरा मारून परत आला म्हणायचा.

अशा जमिनीवर पट्टी घालताना काय पाळायचं, ते आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुमच्याकडेही म्हातारं माणूस आणि अशी जमीन असेल, म्हणून लिहून ठेवतो.

पट्टी घालण्याआधी जमीन नीट झाडावी आणि कोरड्या कापडाने पुसावी. खाली राहिलेली कचकच पावलागणिक कानशीसारखी घासत राहते. खिळे, स्क्रू मारू नयेत. फळ्यांना हलायला जागा हवी असते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप थेट जमिनीवर लावू नये. ज्या पट्टीच्या पाठीला स्वस्त रबर किंवा प्लास्टिकचा थर असतो, तीही टाळावी. तो थर ओल कोंडून ठेवतो, उन्हाळ्यात जमिनीला धरतो आणि कधी कधी पिवळट डाग सोडतो.

पट्टी सरकू नये म्हणून तिच्याखाली वेगळं अस्तर मिळतं. आमच्या कामी आलं ते नमद्याचं, खालून नैसर्गिक रबराचा पातळ थर दिलेलं. दुकानदाराने 'फेल्ट' म्हणून दाखवलं. हातात घेतलं आणि मी त्याला अबुल फजलचं नाव सांगणार होतो, भावाने कोपर मारलं. अस्तर चारही बाजूंनी पट्टीपेक्षा इंचभर कमी कापावं, म्हणजे कडा जमिनीला टेकतात आणि पायात अडकत नाहीत. फ्लोअरिंगच्या माहितीपत्रकात रबराला मनाई असेल तर ती पाळावी, आणि तसंही आधी एका कोपऱ्यात आठवडाभर तुकडा ठेवून बघावा. अस्तर आणि पट्टी मिळून किती जाड होतात ते मोजावं. आमच्या बाथरूमचं दार पहिल्या खेपेला अडकलंच. नवी पट्टी गुंडाळलेली असल्याने टोकं वर वळतात. ती उलट बाजूने गुंडाळून रात्रभर ठेवली की सरळ होतात. वळलेल्या टोकावर म्हाताऱ्या माणसाने पाय ठेवायचा नाही, हे बाकी सगळ्याहून महत्त्वाचं.

जुनी टेप निघत नसेल तर ओढू नये. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा देत, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवावी. वरून पाणी ओतू नये.

आणि खरी गोष्ट, आठवड्यातून एकदा पट्टी उचलायची. झटकायची, खाली हात फिरवून ओल बघायची, तासभर जमीन मोकळी ठेवायची. पावसाळ्यात दोनदा. फरासाचं काम हेच होतं. नाव अंथरण्याचं, पण काम उचलण्याचं, झटकण्याचं आणि कोरडं ठेवण्याचं. आपण घरात गालिचे आणले, फरास मात्र आणला नाही. टेपला वाटलं ते काम आपण करू.

नोव्हेंबरात आम्ही दोघा भावांनी घरमालकाच्या परवानगीने त्या तीन फळ्या बदलून घेतल्या. बाथरूमच्या दाराशी आधी सुती पायंदाज टाकला. ओले पाय तिथेच टिपले जातात आणि तो रोज धुतला जातो. भिंतीला हाताला धरायला दांडी बसवली, बोळात रात्रीचा छोटा दिवा लावला, मग नमदा आणि त्यावर पट्टी. घसरणं हा पायांचा गुन्हा नव्हता, हे अब्बांना तोंडाने सांगून पटत नव्हतं. म्हणून त्यांना या गुरुवारच्या कामाचं मुकादम केलं. भाऊ आणि त्याचा मुलगा पट्टीची टोकं धरतात. अब्बा वाकून खाली हात फिरवतात. मनगट अजून पूर्ण वळत नाही, तरी तळवा जमिनीवर ठेवून बघतात.

परवा फोनवर म्हणाले, "सूखी है." मग थोडं थांबून, "तुम आओ तो दरवाजे के पास संभालना, वहाँ किनारा ज़रा उठा है."